शेजारची खुर्ची

क्लेमच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून कॉफीचा एक बारीक ओघळ निघाला, हनुवटीवरून खाली आला आणि पांढऱ्या कॉलरवर टपकला, तरी त्यांना पत्ता नव्हता. ते आपले पावाला लोणी लावत वॉल्टशी बोलत होते. फ्रान्समध्ये, आमियांमधल्या त्या हॉटेलच्या जेवणघरात सकाळचे साडेसात झाले होते. आमच्या बँडची सव्वीस माणसं पाच टेबलांवर पसरून कलकलाट करत होती, खाली चौकात बसगाड्या वळताना कचकन ब्रेक लावत होत्या, आणि मी समोरच्या खुर्चीत हातातला चमचा तसाच धरून त्या ओघळाकडे बघत राहिले. अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या तोंडून काही सांडलं तर त्यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल. माझ्या आईची हनुवटी मी दोन वर्षं रोज पुसली आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण क्लेम हर्स्ट कॉर्नेट वाजवतात. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटची ठेंगणी बहीण. तिचा आवाज वाजवणाऱ्याच्या ओठांत असतो, पितळ तो फक्त मोठा करतं. माउथपीस ओठांवर केसभर इकडे बसलाय की तिकडे हे ज्या माणसाला सर्दीत, तापात, पेंगुळलेलं असतानाही कळतं, त्याला गरम कॉफी हनुवटीवरून वाहिलेली कळली नाही. मी रुमालाने माझीच हनुवटी पुसून त्यांना खूण केली. त्यांनी खूण ओळखली, रुमाल उचलला आणि उजवी बाजू पुसली. उजवी बाजू कोरडीच होती. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि आपलं बिंग फुटलंय हे त्यांच्या लक्षात आलं.

“काय बघतेस, पोरी?”

“कॉलर खराब झाली तुमची.”

“अरेच्चा!” वॉल्ट वाकून म्हणाला. वॉल्ट लम्ब आमचा ट्यूबावाला, देहाने आणि आवाजाने आपल्या वाद्याला शोभणारा. “क्लेम, उद्यापासून लाळेरं बांधू की काय तुला?”

“माझं लाळेरं राहू दे. तुझा पट्टा कितव्या भोकावर आलाय ते बघ आधी.”

“लोणीच इतकं चांगलं आहे इथलं, त्याला मी काय करू! चहा मात्र… कोमट पाण्यात पिशवीला आंघोळ घालतात आणि त्याला चहा म्हणतात.”

सगळे हसले. क्लेमही हसले, आणि हसता हसता त्यांनी दोन बोटांनी खालचा ओठ चाचपून पाहिला, खिशातली किल्ली जागेवर आहे ना हे माणूस बघतो तसा. साडेतीन तासांनी, अकरा वाजता, शहराबाहेरच्या एका लहानशा दफनभूमीत या माणसाला एकट्याने उभं राहून निरोपाची धून वाजवायची होती.

मी क्लेमच्या शेजारी बसते. एकोणिसाव्या वर्षी बसले, आता सत्तेचाळिसावं चालू आहे. पहिल्या कॉर्नेटच्या शेजारच्या खुर्चीला आमच्या यॉर्कशरच्या बँडवाल्यांत एक नाव आहे, पण लीड्समधल्या माझ्या चष्म्याच्या दुकानातल्या मुलींना ते कितीदा सांगितलं तरी समजत नाही, म्हणून मी त्यांना सांगते की मी टेकू आहे. स्पर्धेतली चीज पंधरा मिनिटं चालते. तेवढा वेळ कुणाचाच ओठ टिकत नाही. म्हणून मोठ्या आवाजाचे, दमवणारे भाग शेजारणीने वाजवायचे, पहिल्या कॉर्नेटने नुसतं तोंडाला वाद्य लावून बसायचं आणि एकल भागासाठी ओठ राखायचा. आणि एकल भागातही त्याचा श्वास संपला, ओठ थकला, तर तिने तो सूर मधल्या मध्ये उचलायचा. सुराच्या मधूनच, त्याच उंचीवर, त्याच आवाजात. ऐकणाऱ्याला शिवण दिसता कामा नये. त्याने वाद्य ओठांवरून काढायचं नाही, हा नियम आहे; तिने त्याचं श्रेय मागायचं नाही, हाही नियमच आहे, फक्त तो कुणी बोलून दाखवत नाही. दुकानातल्या मुली म्हणतात, नोरीन, म्हणजे तू वाजवायचं आणि टाळ्या त्यांना? मी म्हणते, हो. त्या एकमेकींकडे बघतात. मी चष्म्याची काच पुसत राहते.

हे काम सोपं नाही, आणि ते मला कुणी शिकवलं असेल तर क्लेमनीच. साठ साली मी अकरा वर्षांची होते आणि आमच्या हॅदरक्लफ गावच्या बँडमध्ये तोवर एकही मुलगी बसली नव्हती. वडील माझा हात धरून बँडच्या खोलीवर घेऊन गेले तेव्हा निम्म्या लोकांनी मला चहा करायला आणलंय असं धरलं. क्लेम तेव्हा खाणीत होते. पहिली पाळी संपवून, आंघोळ करून थेट सरावाला यायचे. बोटांच्या पेरांवर कोळशाचे निळे वण, आणि त्या बोटांत ते चिमुकलं चकचकीत वाद्य. त्यांनी मला एक सूर वाजवायला सांगितला, ऐकला, आणि म्हणाले, “चहा मी करतो. ही बसू दे.” पुढे आठ वर्षं मी दर शनिवारी त्यांच्या घरी जात होते. त्यांची बायको एडिथ स्वयंपाकघरात बटाटे सोलत असायची, आम्ही बाहेरच्या खोलीत. ते एक लांब सूर धरायचे, मी त्यात शिरायचं, ते हळूच सुटायचे. सूर बदलल्याचं ओळखून आतून एडिथ ओरडायची, “आता नोरीन!” पुन्हा. “आता नोरीन!” त्यांचा सूर सुरू होताना किंचित उशीर करतो, उंबऱ्यावर थबकलेल्या माणसासारखा, आणि मग भरत जातो, त्यात एक अगदी बारीक थरथर आहे, ती शेवटी येते, सुरुवातीला कधीच नाही. ते सगळं मी उचललं. श्वास कुठे घेतात, खांदे किती हलतात, जीभ कुठे टेकते. एका शनिवारी आतून काहीच आवाज आला नाही. आम्ही तीनदा केलं. एडिथ हात पुसत दारात आली आणि म्हणाली, “कोण वाजवतंय?” आम्ही दोघांनी वाद्यं खाली घेतली. तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा होता आणि ते मला अजूनही खरं वाटतं, माझं लग्न धरूनही.

पण दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती सांगितली नाही तर मी उगाच फार भली ठरेन. एकोणऐंशी साली हडर्सफील्डच्या स्पर्धेत संथ भागात क्लेमचा ओठ फुटला. मला त्यांच्या कानामागे घामाचा थेंब दिसला आणि मी उचललं. सोळा मात्रांचा तो सगळा एकल भाग मी वाजवला, ते शेजारी वाद्य लावून बसले होते, आणि हजार माणसांच्या त्या सभागृहात कुणाला काही कळलं नाही. परीक्षक आमच्याकडे कापडी खोक्यात बसवलेले असतात, कोण वाजवतंय ते त्यांना दिसू नये म्हणून. त्यांनी शेरा लिहिला की एकल कॉर्नेटचा असा सूर आपण वीस वर्षांत ऐकलेला नाही. तो कागद चौकट करून बँडच्या खोलीत लावला आहे, खाली क्लेमचं नाव. त्या संध्याकाळी त्यांनी मला मासा आणि बटाटे खाऊ घातले आणि माझ्या नजरेला नजर दिली नाही. दर सरावाला मी कोट टांगते ती खुंटी त्या चौकटीच्या बरोब्बर खाली आहे. मी कधी वर बघत नाही. क्लेमनी एकदा चुकावं, उघडपणे, सगळ्यांसमोर, असं मला कधी वाटलंच नाही असं मी शपथेवर सांगणार नाही.

बसमध्ये चढताना डेसने मला बाजूला घेतलं. डेस्मंड क्रॅबट्री आमचा बँडमास्तर, शाळेत भूगोल शिकवतो आणि तालाची छडी घरी विसरतो, पण कान तिखट.

“नोरीन, क्लेम ठीक आहेत ना? गेले काही सराव मला जरा… मला तुझाच आवाज जास्त येतोय असं वाटत होतं.”

“तुम्हाला ओळखू आला?” मी म्हटलं, आणि मला खरंच झोंबलं होतं.

“तसं नाही. पण आजची धून एकट्याची आहे. महापौर आहेत, इथे पुरलेल्या आपल्या पाच बँडवाल्यांच्या घरची माणसं आली आहेत. काही असेल तर आत्ता सांग. तू वाजव. तुला येते.”

तुला येते! पस्तीस वर्षांत ही वेळ आली नव्हती आणि आता ती माझ्यासमोर हातात यादी घेऊन उभी होती. मला फक्त खरं बोलायचं होतं. “ठीक आहेत,” मी म्हटलं. “कालच्या प्रवासाने दमलेत.” डेसने यादीवर खूण केली आणि तो पुढे गेला. मी पायरीवर उभी राहिले, मागून वॉल्ट म्हणाला, “बाई, चढा, नाहीतर मला आधी चढू द्या, मग कुणालाच जागा उरणार नाही,” आणि मी चढले. मी खोटं का बोलले हे मला समजत नव्हतं. मायेने म्हणावं तर त्यात माया कसली, माणसाला फजितीच्या तोंडी द्यायचं? की मला तेच हवं होतं? गाडी सुरू झाली, शहराची राखाडी घरं मागे पडली, बिटाची आणि गव्हाची शेतं आली. आडवळणी असूया स्वतःशी कबूल करायला सत्तेचाळीस हे वय थोडं उशिराचंच.

मग क्लेम मागून येऊन माझ्या शेजारी बसले. कॉलर बदलली होती. मांडीवर कॉर्नेटची पेटी.

“डेसने विचारलं?”

“विचारलं.”

“मग?”

“ठीक आहेत म्हटलं.”

त्यांनी श्वास सोडला. “खालची दाढ काढली ना मागच्या महिन्यात. मुळं वाकडी होती, शिरेला चिकटलेली. डॉक्टर आधीच म्हणाला होता, इथून इथपर्यंत बधिर होईल कदाचित.” त्यांनी बोटाने ओठाच्या मध्यापासून डाव्या जबड्यापर्यंत रेघ काढली. “मी म्हटलं काढा. झोप नव्हती गं दोन आठवडे.”

“परत येईल?”

“येईल म्हणतो. सहा महिन्यांनी, वर्षाने. नाहीतर नाहीच.”

“म्हणजे हे तीन आठवडे सरावाला…”

“तूच होतीस. बहुतेक सगळं.”

“मला वाटलं तुम्ही दौऱ्यासाठी ओठ राखताय.”

“तसंच वाटायला हवं होतं.” ते थोडंसं हसले. “अर्धा ओठ आहे की नाही कळतच नाही. हवेला माउथपीस लावल्यासारखं. खालचे सूर निघतात. वर चढलं की कुठूनतरी हवा सुटते, आणि सुटली हे कानाला कळतं, ओठाला नाही.”

“मग मी वाजवते ना,” मी म्हटलं. माझा आवाज मला चढलेला वाटला. “उघड. सगळ्यांसमोर. त्यात काय पाप आहे?”

पुढे वॉल्ट कुणालातरी काहीतरी चावट सांगत होता आणि मुली हसत होत्या. “बापाला शब्द दिलाय,” क्लेम म्हणाले.

ती गोष्ट मला ठाऊक होती. हॅदरक्लफमध्ये ती सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेलेल्या बँडवाल्यांना लढाईच्या वेळी वाद्यं बाजूला ठेवून स्ट्रेचर उचलावी लागायची. सोळा सालच्या पहिल्या जुलैला हॅदरक्लफचे अकरा बँडवाले या शेतांत स्ट्रेचर घेऊन धावत होते, आणि संध्याकाळी हजेरीला सहा उरले. क्लेमचे वडील, हर्बर्ट, त्या सहांपैकी. वीस वर्षांचे होते. विषारी वायूने छाती गेलेली, परत आल्यावर त्यांनी कॉर्नेटला हात लावला तो फक्त पुसायला. एकसष्ट साली बँड पहिल्यांदा इथे आला तेव्हा त्यांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. बँडच्या खोलीत म्हातारे सांगायचे की हर्बर्ट इथल्या त्या पाच जणांच्या कबरींच्या दगडांसमोरून गेले तेव्हा त्यांनी एकाचंही नाव घेतलं नाही. हा दुसरा कॉर्नेट, असं म्हणाले. हा टेनर हॉर्न. हा युफोनियम, उशिरा यायचा. हा ढोल. हा पण कॉर्नेट. मग क्लेमनी धून वाजवली, आणि वाजवून झाल्यावर हर्बर्टनी मुलाची बाही धरून विचारलं, “ऐकू गेलं असेल का रे?” क्लेम म्हणाले, गेलं असेल. “मग येत जा,” हर्बर्ट म्हणाले. “तुझा सूर त्यांना ओळखीचा वाटेल. माझाच आहे तो.” त्यानंतर बँड सहा वेळा आला, सहाही वेळा क्लेमनीच वाजवली. खाण बंद पडली त्या वर्षी आम्ही बसभाड्यासाठी बाजारात नाताळची गाणी वाजवत उभे राहिलो, पण आलो.

“फाटकापाशी विटांची खोली आहे बघ,” क्लेम म्हणाले. “नावांचं पुस्तक ठेवतात ती. आत उभी राहा. खिडकीला जाळी आहे. मी समोरच असेन, आवाज माझ्याच अंगावरून जाईल. मी बघून ठेवलंय.”

“कधी बघून ठेवलंत?”

“गेल्या खेपेला. वय काय कुणासाठी थांबतंय, पोरी? मी अडलो की उचल. नेहमीसारखं.”

मला राग आला. एवढा की डोळ्यांत पाणी आलं. मेलेल्यांसमोरही भिंतीआडच! माझ्या घशाशी आलेलं मी बोलणार होते, पण त्यांनी मांडीवरची पेटी दोन्ही हातांनी धरली होती आणि ते हात थरथरत होते. हे हात मी थरथरताना कधीच पाहिले नव्हते. ऐंशी यार्ड जमिनीखाली छत कोसळलं तेव्हा या माणसाने दोघांना ओढून काढलं होतं आणि त्याच रात्री सरावाला येऊन उशीर झाल्याबद्दल माफी मागितली होती. आज त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती घेऊन ते माझ्याकडे आले होते. डेसकडे नाही, देवाकडे नाही. “बरं,” मी म्हटलं.

दफनभूमी लहान आहे, चारशे दगड, कमरेएवढी भिंत, चहूकडे गहू. माळ्याने गवत कापायचं यंत्र झाडाखाली लावलं होतं आणि टोपी काढून तो त्याच्या बाजूला उभा होता. उन्हाने आमचे मरून रंगाचे कोट तापले, पितळ हात लावू देईना. महापौर बोलले, दुभाष्याने अर्धं सांगितलं. आम्ही स्तोत्र वाजवलं. शेवटच्या कडव्यात मी खुर्चीतून उठले आणि मागच्या मागे फाटकाकडे सरकले. वॉल्टने ट्यूबावरून डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. खोलीत ओल्या विटांचा वास होता, गार होतं. मी माउथपीस हातात धरून गरम केला. जाळीतून क्लेमची पाठ अर्धवट दिसत होती आणि पलीकडे ते पाच दगड. डेसने पाच नावं वाचली. मग सगळं शांत झालं आणि क्लेम दोन पावलं पुढे आले.

सुरुवात खालच्या सुरांवर आहे. ते वाजले. थबकून आत येणारा, मग भरत जाणारा तो सूर, आणि मी राग, चौकट, डेस, सगळं विसरले. अठ्ठावीस वर्षं मी त्यांच्या खांद्याशी बसून तो ऐकत आले, पण इतक्या लांबून, मोकळ्या हवेत, मला तो कधी ऐकायला मिळाला नव्हता. देवा, काय सुंदर वाजवतो हा माणूस, असं माझ्या मनात आलं, अगदी शब्दांत. मग धून वर चढू लागली. पहिल्या चढणीला कडेने हवा सुटली; इतकी बारीक की फक्त मला ऐकू यावी. दुसऱ्या चढणीला जास्त. त्यांनी मान किंचित उजवीकडे कलवून माउथपीस चांगल्या बाजूवर घेतला आणि सूर तोलला. ते अडले नाहीत. मी वाद्य ओठांना लावलं, पोटभर श्वास घेतला. आता तो मधला उंच सूर येणार, लांब धरायचा. तो आला, उभा राहिला, आणि पातळ व्हायला लागला, आणि मी खालून आत शिरले. एडिथलाही सांगता आलं नसतं. सूर भरला, त्याला शेवटची थरथर आली, बाहेर कुणाचं डोकं हललं नाही.

आणि मग क्लेमनी वाद्य खाली घेतलं.

मी जाळीतून ते पाहिलं आणि माझी जीभ अडखळायची राहिली. पहिला कॉर्नेट असं करत नाही. ओठ फाटला, दात पडला, घेरी आली तरी करत नाही. त्यांनी हात सरळ खाली सोडला, कॉर्नेट मांडीशी लागली, आणि तोंड मिटून ते उभे राहिले, आणि धून चालूच होती. माणसं बघायला लागली. आधी त्यांच्याकडे, मग एकमेकांकडे, मग आवाज येत होता तिकडे, माझ्याकडे. महापौरांची मान वळली. डेसचा चेहरा पांढरा पडलेला मला दिसला. माझ्या मनात आलं की यांना काहीतरी झालंय, आता कोसळतील. मग वाटलं, हे काय केलंत, दोघांचीही अब्रू घालवलीत. थांबावंसं वाटलं. पण निरोपाची धून अर्ध्यात थांबवता येत नाही, आणि तेवढ्यात मला दिसलं की त्यांनी डोकं वळवून उजवा कान खोलीकडे केला होता, शनिवारी बाहेरच्या खोलीत करायचे तसा. ते ऐकत होते. तेव्हा मला कळलं की आता लपायला माझ्यापुढे कुणी नाही. सगळ्यांना ठाऊक होतं की हे कुणीतरी दुसरं वाजवतंय. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा सूर काढायला मोकळी होते, आणि मी शोधला, खरंच शोधला त्या दोन श्वासांत, आणि मिळाला तो त्यांचाच. थबकणारा, भरणारा. दुसरा माझ्याकडे नव्हता. मला वाटलं होतं, असं कधी कळलं तर मी खचेन. मी खचले नाही. मी तो जितका चांगला वाजवता येईल तितका वाजवला, अगदी शेवटच्या सुरापर्यंत, आणि तो गव्हावर विरेपर्यंत वाद्य खाली घेतलं नाही.

दोन मिनिटांची शांतता सुरू झाली. ती झाली की जागवण्याची धून वाजवायची असते. क्लेम वळले, आणि सगळ्यांच्या देखत, महापौर आणि ती घरची माणसं आणि बँड यांच्या देखत, त्यांनी मला बोटाने बोलावलं. शांततेत कुणी हलत नाही. मी हलले. फाटकापासूनची वाट खडीची आहे आणि माझ्या बुटांखाली ती इतकी वाजली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग गवत आलं. लोक वाट देत होते. एका म्हाताऱ्या फ्रेंच बाईने हात पुढे करून माझ्या कोटाच्या बाहीला नुसता स्पर्श केला. मी क्लेमपाशी जाऊन उभी राहिले. ते एक पाऊल बाजूला झाले, आणि पाच दगड माझ्यासमोर आले. शांतता संपली. मी उन्हात, सगळ्यांना दिसेल अशी, भिंतीशिवाय, जागवण्याची धून वाजवली; क्लेम शेजारी ताठ उभे होते.

नंतर फुलं ठेवायची गर्दी झाली. डेस आमच्याकडे यायला निघाला होता, वॉल्टने त्याचा दंड धरून त्याला थांबवलं आणि काहीतरी विचारत तो तिथेच आडवा उभा राहिला. क्लेम दगडांकडे बघत होते. त्यांचे डोळे लाल होते. वाजवणाऱ्याला आपला सूर कधीच बाहेरून ऐकू येत नाही; तो दातांतून, कवटीतून ऐकू येतो, टेपवरचा आवाज तर कुणाचाच नसतो. हे मला ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता.

“नोरीन,” ते हळूच म्हणाले. “लोकांना हे ऐकू यायचं होय? इतकी वर्षं?”

मला “हो” म्हणता आलं असतं. त्यांना तेवढं पुरलं असतं, आणि मलाही. पण आज सकाळी मी एकदा खोटं बोलून चुकले होते.

“नाही,” मी म्हटलं. “तुमचं यापेक्षा चांगलं होतं, क्लेम.”